मलिद्याचं ताट समुद्रापार

मैत्रिणींनो, संध्याकाळी आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारून पाहा. बाकांवर बसलेल्या आजीमंडळींचं बोलणं कानांवर पडतं आणि ते बहुधा एकाच विषयावर असतं. कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची नात कॅनडात. परवा एकजणी सांगत होत्या, "अहो, नातू फोनवर समोर दिसतो, 'आजी' म्हणतो आणि पुढचं सगळं इंग्रजीत! मी आपली नुसती हसते." बाकीच्याही हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

परक्या मुलखात गेलेलं घर किती दिवस आपलं राहतं? घरी येईपर्यंत हाच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता आणि आठवण झाली ती बेने इस्रायलांची. आपल्या कोकणातून उठून थेट इस्रायलला गेलेली ही मराठी माणसं. त्यांची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

शनिवारी घाणा बंद

या समाजाची परंपरा सांगते, की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. जवळ उरलं ते पाठ असलेलं: 'शेमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारचा विसावा. पुढं ही मंडळी कोकणात तेल गाळू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'.

आडनावंही गावांवरूनच पडली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर! सिनेमातले लाडके डेव्हिड आठवतात ना? त्यांचं आडनाव चेऊलकर. सणांची नावं तर ऐकाच. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपास असतो, त्या दिवशी वालाचं बिरडं करायचं, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'! सण हिब्रू लोकांचा, नाव मात्र थेट आपल्या चुलीवरचं.

आणि मागासलेल्या होत्या का यांच्या बायका? मुळीच नाही. डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. इंग्लंडला जाऊन शिकून आल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या.

स्वप्नातलं गाव आणि खरं गाव

१९४८ मध्ये इस्रायल देश स्थापन झाला आणि पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत ज्याचं नाव घेतलं, तिकडं जायची वाट मोकळी झाली. इथं त्यांना कुणी छळत नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. तरी श्रद्धेपोटी, कुणी नव्या आयुष्याच्या आशेनं, घरंच्या घरं निघाली.

तिथं वाट्याला काय आलं? डिमोना, बीरशेबा अशी वाळवंटाच्या कडेची गावं. नारळीपोफळीच्या सावलीत वाढलेल्या बाईला ती रखरख कशी वाटली असेल, तुम्हीच कल्पना करा. देश नवा, रेशनिंग कडक, भाषा समजत नाही. मुंबईत कचेरीत टेबलाशी बसणाऱ्याच्या हातात तिथं फावडं आलं. वर रंगावरून टोमणे. बीरशेबातल्या काही कुटुंबांनी तर १९५१-५२ मध्ये सत्याग्रहच मांडला, की आम्हाला भारतात परत पाठवा! काहीजण खरंच परतले. नवल म्हणजे त्यातले पुष्कळजण पुन्हा इस्रायलला गेले. एकदा घर मोडलं, की माणूस दोन्हीकडं अर्धा अर्धा होतो, ते असं.

आईची आई कोण?

पण खरा घाव पुढंच होता. ज्यू धर्मात वंश आईकडून मोजतात आणि इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मगुरूंच्या हाती असतात. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्रायल मुलामुलीनं बाहेरच्या ज्यूशी लग्न ठरवलं, तर आधी चौकशी करा. आई ज्यू होती का? आजी? तिची आई? जाता येईल तितकं मागं जा. वाडवडिलांत घटस्फोट, पुनर्विवाह धर्माच्या नियमानं झाले होते का, तेही पाहा.

आता सांगा, पेणच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? तिनं आयुष्यभर शनिवार पाळला, याला साक्षी कोण? बाई, तुझ्या आजीचं शील आणि श्रद्धा कागदावर दाखव, असंच म्हणणं झालं ते. अपमान एका नवरीचा नव्हता, तिच्यामागच्या सगळ्या बायांचा होता.

मंडळी गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला निदर्शनं झाली, बायामुलांसकट ठिय्या पडला. अखेर ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत. धर्मपीठालाही फर्मानातून त्यांचं नाव काढून टाकावं लागलं.

घर कशानं टिकलं?

आज भारतात हा समाज जेमतेम चार-पाच हजारांचा उरला आहे. इस्रायलमध्ये त्यांची संख्या साठ हजारांच्या वर असल्याचा अंदाज आहे. तिथं १९८० च्या दशकात 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. तरी खरं बोलायचं, तर नातवंडांची भाषा हिब्रू झाली. ते कुणाला चुकलं नाही.

मग टिकलं काय? लग्नाआधीची मेंदी टिकली. नारळाच्या दुधातलं कालवण टिकलं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, तिथं नारळच कामाला येतो! आणि टिकला मलिदा. लग्न असो, बारसं असो, नवस फिटलेला असो, घरात एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिद्याचं ताट मांडतात. हा प्रेषित पुन्हा स्वर्गात जाताना त्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. प्रार्थना हिब्रूत, ताटात मात्र कोकण!

मलिदा करायला काही अवघड नाही. जाड पोहे धुऊन निथळत ठेवा. मऊ झाले, की त्यात खवलेला ओला नारळ, चवीपुरती साखर, वेलदोड्याची पूड, बदाम-पिस्त्याचे काप घालून हलक्या हातानं कालवा. ताटात रास करून भोवती पाच तऱ्हेची फळं मांडा. खजूर आणि केळी हवीतच. पोहे चिवट राहिले, तर नारळाच्या पाण्याचा हबका मारावा.

बाकावरच्या त्या आजींना मी एवढंच सुचवलं, की नातवाला मराठी शिकवायचं दडपण घेऊ नका. येत्या सुट्टीत तो आला, की त्याच्या हातात खवणी द्या. आधी खोबरं खवू दे, 'खवणी' हा शब्द आपोआप येईल. त्या म्हणाल्या, "बघू, बोटं नाही कापली म्हणजे मिळवली!"

आणि मैत्रिणींनो, दुसरी एक गोष्ट. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पोट भरायला आलेली कितीतरी कुटुंबं आपल्या आसपास राहतात. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं. आपल्या जिन्यात एखादी नवी बाई राहायला आली, तर "तुम्ही कोण, कुठल्या?" ही चौकशी जरा लांबणीवर टाका. आधी वाटीभर विरजण नेऊन द्या. रिकामी वाटी परत करायला ती येईल, तेव्हा तिचं गाव, तिचे सण ती आपणहून सांगेल.