सूर्याकडूनही वारा सुटतो!

मैत्रिणींनो, उन्हाची झळ आपल्याला रोजचीच. पण सूर्याकडून वाराही सुटतो, हे कितीजणींना ठाऊक आहे? मी कला शाखेची. विज्ञानाची नि माझी गाठ दहावीतच सुटली. पण बचत गटातल्या बायकांच्या मुलींसाठी मी वाचनाचा तास घेते, तिथं ‘आदित्य एल-१’चं कात्रण निघालं आणि प्रश्नांची सरबत्तीच झाली. मग बसले वाचायला!

खग्रास ग्रहणात सूर्याभोवती पांढरं तेजोवलय दिसतं, त्याचं नाव करोना. (नावाची धास्ती घेऊ नका, हा वेगळा!) तिथलं तापमान दहा लाख अंशांच्या वर. इतक्या उष्णतेत विद्युतभारित कण सूर्याला धरून ठेवताच येत नाहीत, ते सुसाट बाहेर पडतात. हाच सौर वारा. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी हे मांडलं तेव्हा परीक्षकांनी लेख नाकारण्याजोगा ठरवला. पण संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानानं वाटेतच हा वारा मोजला.

वेग किती? संथ वारा सेकंदाला तीन-चारशे किलोमीटर, जोराचा सात-आठशे! मोजतात कसा, तर पार्कर यानावर वाटीसारखं एक उपकरण आहे. तिच्या तोंडाशी विजेचा दाब दिलेली जाळी. दाब वाढवत नेला की हळू कण माघारी फिरतात, वेगवान तेवढे आत शिरतात. आपली पीठ चाळायचीच गोष्ट, फक्त इथं जाडीऐवजी वेग चाळायचा.

‘‘पण ताई, याचा आपल्याला काय उपयोग?’’ गिरणी चालवणाऱ्या आमच्या एका सभासदानं रोखठोक विचारलं. प्रश्न बरोबरच होता. मार्च १९८९ मध्ये सौर वादळानं कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, साठ लाख लोक अंधारात. आदित्य पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला आहे. त्याला लागलेला वारा साधारण तासाभरात आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे सावध व्हायला हाती तासच! वारा सूर्यावर कुठून सुटला हे कळलं, तर दोन ते चार दिवस मिळतात.

म्हणून त्याचं माहेर शोधायचं. वेगावरून तो कधी निघाला ते काढतात, आणि तोवर सूर्य स्वतःभोवती किती फिरला ते वजा करतात. कणांत हेलियम किती, हीसुद्धा खूण. जोराचा वारा करोनातल्या काळपट भागांतून, ‘विवरां’तून येतो. तिथं चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि कणांना रेटा मिळतो, हे पार्कर यानाच्या निरीक्षणांवरून २०२३ मध्ये मांडलं गेलं. २४ डिसेंबर २०२४ ला ते यान सूर्यापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेलं.

आदित्यच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी, तामिळनाडूतल्या शेतकरी घरातल्या. त्यावरचं सूर्याची छायाचित्रं घेणारं ‘सूट’ हे उपकरण पुण्याच्या ‘आयुका’चं. पुणं म्हटल्यावर आमच्या मुलींचे डोळेच चमकले!

आणि एक गंमत. सूर्य आपल्याला २७ दिवसांत एक फेरी घेताना दिसतो. विवर टिकून असेल, तर तोच वारा २७ दिवसांनी पुन्हा येतो. आमच्या एकीनं लगेच कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या.