तुरीच्या दाण्याएवढी झीज मोजताना

कानशिलाच्या आत, मेंदूच्या तळाकडे, दोन्ही बाजूंना करंगळीएवढा एकेक वळलेला भाग असतो: हिप्पोकॅम्पस. सकाळी कोण येऊन गेलं, चष्मा कुठे ठेवला, अशा ताज्या आठवणी साठतात त्या मुख्यतः त्याच्यामुळे. अल्झायमरची झीज साधारणपणे याच्या आसपास सुरू होते. १९०६ साली डॉ. आलोइस अल्झायमर यांना आपल्या रुग्णेचा आक्रसलेला मेंदू तिच्या मृत्यूनंतरच पाहता आला. आज तो जिवंतपणी एमआरआयमध्ये दिसतो. पण नुसतं दिसून भागत नाही. वर्षभरात किती घटला, ते सांगावं लागतं, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण ३,००० घन मिलिमीटरचा. उतारवयात तो निरोगी माणसातही वर्षाला दीडेक टक्का घटतो. अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. दोहोंतला फरक शंभरेक घन मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या एका दाण्याएवढा. स्कॅन चालू असताना रुग्णाने डोकं हलवलं किंवा मधल्या काळात यंत्र बदललं, तर तेवढा फरक आजार न वाढताही कागदावर उमटू शकतो.

हा घोळ निस्तरण्याचं मोठं काम 'अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह' अर्थात 'अ‍ॅडनी'ने केलं. डॉ. मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये अमेरिकेत हा प्रकल्प सुरू झाला. पैसा सरकारचा आणि औषध कंपन्यांचाही. अमेरिका आणि कॅनडातल्या पन्नासहून अधिक केंद्रांवर सुरुवातीला सुमारे ८०० जण घेतले: २०० निरोगी, २०० अल्झायमरचे रुग्ण आणि ४०० मधल्या उंबरठ्यावरचे, म्हणजे स्मृती घसरलेली पण रोजचे व्यवहार सांभाळणारे.

यंत्रं मात्र जीई, सीमेन्स, फिलिप्स अशी वेगवेगळी. म्हणून मेयो क्लिनिकच्या डॉ. क्लिफर्ड जॅक यांच्या गटाने प्रत्येक यंत्रासाठी स्कॅनची पद्धत ठरवून दिली. जोडीला एक 'फँटम' दिला: डोक्याच्या जागी ठेवायचा मोठा पोकळ गोल, आत मोरचुदाच्या द्रावणाने भरलेले छोटे छोटे गोळे. त्यांची जागा आधीच ठाऊक असते. चित्रात गोळा सरकलेला दिसला, तर दोष यंत्राचा. गोळा तर म्हातारा होत नाही!

यंत्र वठणीवर आलं तरी प्रश्न उरतो: हिप्पोकॅम्पस सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे? पुढच्या टोकाला तो अमिग्डाला या मेंदूच्या दुसऱ्या भागाला खेटून असतो. दोघांत पांढऱ्या तंतूंचा जेमतेम पडदा. जाणकार संगणकाच्या पडद्यावर स्कॅनच्या एकेका कापावर हाताने रेघ ओढत. कुणी शेपटाकडचा भाग धरे, कुणी सोडून देई. पद्धतीगणिक आकडे दुपटीहून अधिक बदलत. युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी कित्येक वर्षं खल करून एक समान नियमावली ठरवली, तेव्हा कुठे सगळे एकाच वस्तूबद्दल बोलू लागले. आता ही रेघ बहुतेक वेळा संगणकच ओढतो. बॉस्टनमध्ये विकसित झालेली 'फ्रीसर्फर' ही त्यातली नावाजलेली प्रणाली. लंडनच्या निक फॉक्स आणि पीटर फ्रीबरो यांनी १९९७ मध्ये वेगळीच वाट दाखवली: दोन स्कॅन एकमेकांवर नेमके बसवायचे आणि मेंदूची कड किती आत सरकली, तेवढंच मोजायचं.

तुलनेसाठी 'सर्वसाधारण' मेंदू कोणाचा धरायचा, हाही प्रश्न आहेच. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून नकाशा तयार केला, तेव्हा आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा आकाराने लहान भरला. हे सगळे तरुण होते. पण परदेशी मापाने इथल्या वृद्धांचा निवाडा करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

आकडाही एकटा निकाल देत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमिलॉइड हे प्रथिन धुऊन काढणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्यांत उपचार घेणाऱ्यांचा मेंदू उलट जास्त घटलेला आढळला. त्याचा अर्थ लावणं अजून चालू आहे. शिवाय हिप्पोकॅम्पस इतर आजारांतही झिजतो. म्हणून डॉक्टर स्मृतीची तपासणी आणि घरच्यांचं म्हणणं यांसोबतच स्कॅन वाचतात.

घरच्यांनी करण्याजोगी गोष्ट साधी आहे. पहिल्या एमआरआयची नुसती फिल्म न घेता सीडीही मागून घ्यावी, जपून ठेवावी आणि पुढचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर करावा. नाहीतर पुढच्या खेपेला घट मेंदूत झाली की मापात, हे कोणालाच सांगता येणार नाही.