मेंढीच्या रंगाची घोंगडी

जालना एमआयडीसीत भंगार घेऊन आलेले ट्रक रांगेत थांबतात. थंडीत त्यांचे ड्रायव्हर-क्लीनर पानिपतच्या ब्लँकेटात गुरफटून झोपतात, जुने कपडे पिंजून केलेल्या सुताच्या. याच जिल्ह्याच्या माळांवर धनगरांचे वाडे फिरतात. घोंगडी जिची विणतात, त्या त्यांच्या मेंढ्यांच्या लोकरीला मात्र गिऱ्हाईक उरलेले नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून दख्खनभर लोकर बांधावर टाकून दिली जाते.

दुसरीकडे अशाच मेंढपाळांच्या लोकरीला वेगळे नशीब लाभले. तुर्कस्तानात तॉरस डोंगराच्या कुशीत योरुक नावाचे भटके मेंढपाळ आहेत. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात खाली मैदानात, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा फेरा. जमिनीत खुंट्या ठोकून उभारलेल्या आडव्या मागावर त्यांच्या बायकांनी किलीम म्हणजे सपाट विणीचे गालिचे विणले, धान्याची पोती विणली, तंबूतले आडपडदे विणले. मुक्काम हलला की माग गुंडाळायचा. आज हे जुने किलीम संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. जोसेफिन पॉवेल या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी अनातोलियाच्या गावोगाव हिंडून विणकाम, अवजारे, रंगकाम टिपून ठेवले. २००७ साली त्या इस्तंबूलमध्ये वारल्या.

आपल्याकडे जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर आले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ सालचा. धनगरांच्या देवांचे आणि ओव्यांचे त्यांनी सोने केले. देवापुढे जी घोंगडी अंथरली जाते, तिच्या वाट्याला असा अभ्यासक आला नाही. ही उणीव मला फार लागते.

कारण घोंगडीतली कारागिरी किलीमपेक्षा वेगळी आहे, कमी नाही. किलीममध्ये आडवा धागा इतका दाटून ठोकतात की उभा धागा दिसेनासा होतो. नक्षी सगळी आडव्या रंगीत सुतातून उमटते. त्यासाठी मंजिष्ठेसारख्या वनस्पतींचे रंग लागतात. घोंगडी साध्या विणीची, आणि तिला रंगारी लागत नाही. काळी, पांढरी, करडी, तपकिरी. मेंढीचा जो रंग तोच घोंगडीचा. योरुकांत मेंढ्या राखणे आणि विणणे एकाच कुटुंबात चाले. इथे कामाची वाटणी होती. हटकर धनगर मेंढ्या घेऊन फिरणार, बायका सूत कातणार, खुटेकर धनगर किंवा सनगर गावात मागावर बसणार. कळप भटका आणि माग स्थिर, या जोडीवर घोंगडी उभी होती.

लोकर कातरायची, धुवायची, पिंजायची, कातायची. मग ताणा, म्हणजे उभे सूत, गल्लीत लांबवर ताणून धरायचा. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून खळ करायची आणि कुंच्याने ती सुतावर फिरवायची. उन्हात ताणा कडक वाळला की तो खड्ड्याच्या मागावर चढतो. नवी घोंगडी कडक लागते ती बरीचशी या खळीमुळे. चार पावसाळे खाल्ले की मऊ पडते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. तिची घोंगडी सगळ्यांत मऊ आणि महागही.

आमच्या घरातली जुनी घोंगडी मी हे लिहिताना उलगडून बसलो आहे. घडीच्या आत ती अजून काळीभोर आहे. वरच्या बाजूला उन्हाने तांबूस विटली आहे. काठाला दोन बोटे पांढरी पट्टी. एका कोपऱ्यात भोक पडले होते, ते कोणीतरी करड्या सुताने रफू केले आहे. विणणाऱ्याचे नाव नाही, साल नाही. घोंगडी फाटेपर्यंत वापरायची, मग बैलाच्या पाठीवर टाकायची, मग पायपुसणे करायचे. म्हणून शंभर वर्षांपूर्वीची घोंगडी सहसा पाहायला मिळत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते. अडीच किलोच्या घोंगडीला चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर लागते. मटणाला भाव असल्यामुळे आता माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या, मोठ्या अंगाच्या मेंढ्यांकडे कल आहे. मेंढपाळाला दोष देण्यात अर्थ नाही. पण विणकरांना नुसती प्रशिक्षणे देऊन घोंगडी वाचेल, हेही मला पटत नाही. सूतच नसेल तर माग काय विणणार?

लोकरीला गिऱ्हाईक मिळवायचे तर तिचा एक गुण कामी येईल. लोकर कापसासारखी भडकन पेट घेत नाही. कापूस लोकरीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेटतो, लोकर साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे. आणि ज्वाळा दूर केली की ती सहसा आपोआप विझते. दख्खनी लोकर जाड आणि राठ, शालीला निरुपयोगी. पण उष्णतारोधक नमदे, छताखालचे थर यांना हा राठपणा चालतो. पोलादाच्या भट्ट्या असलेल्या जालन्याच्या वसाहतीत लोकर धुण्या-पिंजण्याचा एखादा कारखाना निघाला, तर टाकाऊ लोकरीला किमान भाव मिळेल. पाण्याची अडचण मोठी आहे. जालन्याने टँकरची वर्षे पुष्कळ पाहिली आहेत. धुण्याचे पाणी फिरवून वापरण्याची सोय आधी, मगच कारखाना.

त्याआधी करता येण्यासारखी दोन कामे आहेत, आणि त्यांना फारसा खर्चही नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मेंढी प्रक्षेत्र छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगावला आहे. तिथे काळ्या दख्खनी मेंढ्यांचा एक कळप निव्वळ लोकरीसाठी राखावा, आणि मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी घरोघरच्या जुन्या घोंगड्यांची वजने, मापे, विणीचे फोटो आणि जमतील तिथे विणकरांची नावे लिहून काढावीत. खळ कशी शिजवायची ते हाताने करून दाखवणारी माणसे अजून हयात आहेत, तोवर.