घरांतला संगणक आणि घरांतली मुलगी

संगणकशास्त्र हा मुलग्यांचा प्रांत असून मुलींचा त्याकडे स्वभावतःच ओढा नसतो, असें मानणारीं सुशिक्षित घरें आजहि थोडीं नाहींत. इतिहास मात्र या समजुतीस दुजोरा देत नाहीं. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें ‘एनिॲक’ हा प्रचंड विद्युत्-संगणक जगापुढें आला. त्याच्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्याकडून गणितें करवून घेण्याची योजना सहा तरुणींनीं आखली होती. त्यांना शिकवावयास पुस्तक नव्हतें. यंत्राचे आराखडे समोर मांडून त्या तें काम शिकल्या.

मग हा ओढा गेला कोठें? अमेरिकेंत संगणकशास्त्राची पदवी घेणारांत १९८४ च्या सुमारास स्त्रियांचें प्रमाण शेंकडा ३७ होतें. २०१० नंतर तें शेंकडा १८ च्या आसपास उतरलें. याच काळांत वैद्यक आणि कायदा या शाखांत स्त्रिया वाढतच होत्या. तेव्हां बुद्धीला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनीं विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन या कोड्याचा माग काढला. त्यांना आढळलें तें अगदीं घरगुती होतें. घरीं घेतलेला संगणक बहुधा मुलाच्या खोलींत ठेवला जाई. वडील त्यालाच जवळ बसवून दाखवीत, आणि बहीण लांबून पाही. पुढें महाविद्यालयांत तो सराईतपणें बोलूं लागला कीं ती त्याच्या सरावालाच प्रतिभा समजे, आणि आपल्यांत ती नाहीं असा निर्णय करून मोकळी होई. विद्यापीठानें प्रवेशांतील पूर्वानुभवाची मातबरी कमी केली व नवख्यांसाठीं आरंभाचा निराळा वर्ग काढला. १९९५ मध्यें तेथें प्रवेश घेणारांत मुली शेंकडा ७ होत्या, त्या २००० पर्यंत ४२ झाल्या.

परंतु महाविद्यालयापर्यंत थांबावें तरी कां? सराव हीच उणीव असेल, तर ती बाराव्या-तेराव्या वर्षींच भरून काढणें सोपें. रेश्मा सौजानी यांनीं २०१२ सालीं न्यूयॉर्क येथें वीस मुली जमवून ‘गर्ल्स हू कोड’ ही संस्था सुरू केली, ती याच विचारानें. २०२० च्या महामारींत संस्थेचे सात आठवड्यांचे उन्हाळी वर्ग बंद पडले. त्यांच्या जागीं दोन आठवड्यांची ऑनलाइन कार्यशाळा आली, आणि वर्ग मुलीच्या घरांत येऊन बसला.

अशा कार्यशाळेंत घडतें काय? लहान मुलींना बहुधा ‘स्क्रॅच’ देतात. एम. आय. टी. या संस्थेनें २००७ सालीं तें सर्वांस खुलें केलें, आणि तें विनामूल्य आहे. रंगीत ठोकळे एकाखालीं एक जोडले कीं आज्ञा तयार होते. शंभर पावलें पुढें जा, नव्वद अंशांत वळ. हें चार वेळां केलें कीं चौकोन झाला. प्रथम मुलगी तेंच चार वेळां मांडते. मग ‘चार वेळां कर’ असा एकच ठोकळा तिला सांपडतो. तो चौकोन दर खेपेस दहा अंश फिरवून छत्तीस वेळां काढला, कीं पडद्यावर दारापुढच्या रांगोळीसारखें फूल उमलतें. नव्वदाऐवजीं ऐंशी लिहिले, तर चौकोनाचें तोंड उघडेंच राहतें, आणि चूक कोठें झाली हें तिलाच शोधावें लागतें. खरें शिक्षण येथें आहे. शेजारच्या चौकटींत बसलेल्या मैत्रिणीचा चौकोनहि बिघडलेला दिसतो, म्हणून विचारण्याची लाज वाटत नाहीं.

दोन आठवड्यांत कोणी शास्त्रज्ञ होत नाहीं. तशी जाहिरात करणारांपासून दूरच राहावें. उलट, चांगली कार्यशाळाहि फुकट जाण्याचे मार्ग घरांतच पुष्कळ असतात. एकुलता संगणक दादाच्या परीक्षेसाठीं राखलेला असतो. पाहुणे आले कीं चहाला हांक तिलाच जाते, मग वर्ग अर्धा झालेला कां असेना. कांहीं घरीं भाऊ मोठ्या प्रेमानें शेजारीं बसतो, आणि चौकोन मिटला नाहीं कीं तिच्या हातांतला माउस आपल्याकडे घेऊन क्षणांत मिटवून देतो.