टॉमी गनचे मोल

शस्त्राचे मोल जाणणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. खंडेनवमीला आपण शस्त्राची पूजा करतो, ती केवळ त्याच्या धारेसाठी नव्हे. ज्या हातांनी ते पेलले त्या हातांच्या स्मरणासाठीही करतो. अमेरिकेतील लिलावगृहांत मात्र हे मोल निराळ्याच तराजूत तोलले जाते. जानेवारी २०१२ मध्ये कॅन्सस सिटी येथे एका जुन्या ‘टॉमी गन’ला तब्बल १ लाख ३० हजार डॉलर किंमत आली. बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो या कुप्रसिद्ध दरोडेखोर जोडीच्या जॉपलिन येथील अड्ड्यावर एप्रिल १९३३ मध्ये छापा पडला, तेव्हा ही बंदूक पोलिसांच्या हाती लागली असे मानले जाते. त्या चकमकीत दोन पोलीस प्राणास मुकले. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते दरोडेखोरांच्या नावासाठी. त्या दोन पोलिसांच्या नावाला बाजारात भाव नव्हता.

या बंदुकीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईने लक्षावधी सैनिकांचे बळी घेतले. खंदक झाडून काढणारे, एका माणसाला सहज वागवता येईल असे स्वयंचलित शस्त्र हवे, या विचाराने जॉन थॉम्पसन या अमेरिकी सेनाधिकाऱ्याने १९१६ मध्ये कंपनी काढली. परंतु शस्त्र सिद्ध होईतो नोव्हेंबर १९१८ उजाडला आणि युद्धच संपले. पुढे कोल्ट कारखान्याने १५ हजार बंदुका तयार करून दिल्या. पण लष्कराला त्यांची निकड राहिली नव्हती. सुमारे २०० डॉलरला मिळणारे हे शस्त्र मग दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गबर झालेल्या टोळ्यांच्या हाती गेले. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून ठार करण्यात आले, तेव्हा अशाच दोन बंदुका कडाडल्या होत्या. सैनिकासाठी घडवलेले हत्यार गुंडाचे भूषण ठरले!

कायदा जागा झाला तो १९३४ मध्ये. अशा प्रत्येक बंदुकीची नोंद सक्तीची झाली आणि हस्तांतरणावर २०० डॉलरचा कर बसला. कर जवळजवळ वस्तूच्या किमतीएवढा, म्हणजे त्या काळी जबर होता. परंतु कराचा आकडा गोठला आणि महागाई मात्र वाढत राहिली. आज लिलावातील बोलीपुढे ते २०० डॉलर म्हणजे किरकोळ रक्कम आहे. त्यात मे १९८६ मध्ये नव्या मशीनगनची खासगी नोंदणीच बंद झाली. जुन्या, नोंदलेल्या बंदुका तेवढ्या खरेदी-विक्रीस मोकळ्या राहिल्या. पुरवठा थांबला, मागणी टिकली आणि भाव चढत गेले. जो कायदा शस्त्राला आळा घालण्यासाठी झाला, त्यानेच त्या शस्त्राला सोन्याचांदीप्रमाणे गुंतवणुकीची वस्तू करून सोडले.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही वाट आरंभीच अडवली. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहाव्यात, अशा धाटणीचे शस्त्र येथे प्रतिबंधित ठरते. केंद्र सरकारच्या विशेष परवानगीवाचून ते कोणालाही बाळगता येत नाही. आमच्या मते हेच शहाणपणाचे आहे. छंद कितीही निरागस असला, तरी माणसे मारण्यासाठीच घडवलेले चालू स्थितीतील यंत्र दिवाणखान्याची शोभा होऊ नये.

तथापि जुन्या शस्त्रांना इतिहासात स्थानच नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीतील एका तुकडीवर शत्रूच्या मशीनगनचा मारा झाला. तुकडीचा नायक सोडून सारे जवान ठार वा घायाळ झाले. तो नायक म्हणजे माणगाव तालुक्याचे सुपुत्र यशवंत घाडगे. ते एकटेच शत्रूच्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली, टॉमी गनने एकाला लोळवले आणि नवे मॅगझीन चढवण्यास सवड नाही हे पाहून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना गदेप्रमाणे झोडपले. शत्रूच्या नेमबाजांनी अखेर त्यांचा बळी घेतला. मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळवणाऱ्या या वीराच्या हातात तेच थॉम्पसनचे हत्यार होते, ज्याने शिकागोत निःशस्त्रांचे रक्त सांडले.

लोखंड तेच, घोडाही तोच. भेद हातांचा आणि हेतूचा. बाजाराला हा भेद कळत नाही, त्याला केवळ गवगवा कळतो. तो सांगण्याचे काम संग्रहालयांचे आहे. शिकागोच्या हत्याकांडातील त्या दोन बंदुका मिशिगन राज्यातील एका परगण्याच्या पोलिसांनी आजवर आपल्याच ताब्यात ठेवल्या आहेत, हे आम्हांस योग्य वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शेजारी बेळगावात आहे. आपल्या मुलांना बॉनी आणि क्लाइडची नावे चित्रपटांतून कळतात. यशवंत घाडगे यांचे नाव त्यांना आपणच सांगितले पाहिजे. दरोडेखोराच्या बंदुकीवर कोणी किती बोली लावावी हा परक्या देशाचा प्रश्न; आपल्या वीराची आठवण किती जपावी, हा मात्र सर्वस्वी आपला आहे.