बेताच्या खर्चात संगीतासाठी स्पीकरची निवड

मैफलीस जाऊन गाणे ऐकण्याचा योग मध्यमवर्गीय गृहस्थास वर्षातून चार-दोन वेळाच येतो. एरवीची भूक त्यास ध्वनिमुद्रणांवरच भागवावी लागते. 1902 साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हापासून साठत आलेला हा ठेवा आज घरबसल्या, अल्प खर्चात ऐकावयास मिळतो. अडचण आहे ती शेवटच्या पायरीची. गवयाने घेतलेला स्वर ज्या पेटीतून अखेर कानी पडावयाचा, ती पेटीच सदोष असेल तर मागची सर्व सिद्धता व्यर्थ होय. घरात गाणे शिकणारे मूल असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो; कारण त्याचा कान रोज जे ऐकेल त्यावरच घडणार.

स्पीकरची मूळ रचना साधी आहे. शंकूच्या आकाराचा एक हलका पडदा, त्याच्या मुळाशी तारेचे वेटोळे व त्या वेटोळ्याभोवती लोहचुंबक, एवढाच तिचा पसारा. तारेतून गाण्याचा विद्युत्प्रवाह वाहू लागला म्हणजे वेटोळे पुढेमागे हलते, पडदा त्याबरोबर हलतो व हवेत नादलहरी उठतात. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1925 साली या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. एकच पडदा खर्जही नीट देईल आणि अतितार नादही नीट देईल असे सहसा घडत नाही. म्हणून खालच्या व मधल्या नादांसाठी मोठा ‘वूफर’ व वरच्या नादांसाठी लहानसा ‘ट्वीटर’ अशी वाटणी करतात. दोघांचे काम जेथे जुळते तो सांधा पुष्कळदा सेकंदास दोन ते साडेतीन हजार कंपनांच्या दरम्यान असतो. सांधा बेमालूम असेल तर आवाज एकाच कंठातून आल्यासारखा वाटतो. नसेल तर गायकाचे व्यंजन एकीकडून व स्वर दुसरीकडून आल्याचा भास होतो.

आता आपल्या संगीताची मागणी काय आहे ते पाहू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदास सुमारे 139 कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 69 वर बोलते. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज सुमारे 208 चा, म्हणून तिच्या तंबोऱ्याचा खर्ज 104 चा. उलट पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बास 41 कंपनांपर्यंत उतरतो, आणि चर्चमधील मोठा ऑर्गन त्याच्याही खाली जातो. यावरून एक सोयीची गोष्ट निष्पन्न होते. ज्यास बाख अथवा बेथोव्हेन पूर्ण भारदस्तपणे ऐकावयाचा आहे, त्यास मोठ्या पेट्यांवाचून गत्यंतर नाही. पण ख्याल, ठुमरी, सतार व सरोद यांच्या रसिकाचे काम 60-70 कंपनांपर्यंत प्रामाणिकपणे उतरणाऱ्या लहान पेटीवर उत्तम भागते.

तंबोऱ्याची तर आणखी एक मौज आहे. जवारीच्या सुतामुळे त्याच्या नादात मूळ स्वरापेक्षा वरचे अंशस्वरच अधिक तेजाने उमटतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा व वीणा यांच्या या गुणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. त्याआधी, 1920 साली, तबला व मृदंग यांच्या शाईमुळे त्यांचे अंशस्वर कसे सुसंवादी होतात हेही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले होते. तात्पर्य, आपल्या संगीताचा प्राण मधल्या व वरच्या पट्टीत आहे. तंबोऱ्याची झळाळी, तबल्याच्या किनारीचा टणत्कार, गायकाचा उच्चार, मिंडेतील बारीक श्रुती, ही सर्व तेथेच राहतात. दुकानात ग्राहकास भुरळ पाडण्यासाठी जो ढमढमाट ऐकविला जातो, त्याने यांतील एकाही गोष्टीची शहानिशा होत नाही. तो ढमढमाट डग्ग्याला फुगवितो आणि गायकाला गिळतो.

खोलीचा विचार यानंतर येतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली शहरातील पुष्कळ घरांत असते. बंद खोलीत विशिष्ट खालचे नाद भिंतीभिंतींमध्ये अडकून घुमू लागतात. बारा फुटांच्या लांबीत असा पहिला नाद सुमारे 47 कंपनांचा व दुसरा 94 चा. दहा फुटांच्या रुंदीत पहिला सुमारे 56 चा. अशा खोलीत खर्ज दणक्याने देणारी मोठी पेटी आणली तर घुमण्याचे हेच नाद चाळविले जातात आणि डग्ग्याची प्रत्येक घिस्सी लांबत जाते. शिवाय खालचे नाद भिंतीपलीकडे अधिक जातात, हे शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे लहान खोलीत लहान पेटी घेणे ही केवळ काटकसर नव्हे. तीच योग्य निवड होय. बी.बी.सी.च्या अभियंत्यांनी बाहेरील प्रक्षेपणाच्या गाडीतील अपुऱ्या जागेसाठी 1970 नंतरच्या दशकात एल.एस. 3/5 ए नावाची चिमुकली पेटी सिद्ध केली. तिच्यात खोल खर्ज नव्हता. पण मानवी आवाजाच्या सच्चेपणामुळे ती पुढे घरोघरच्या रसिकांत नावाजली.

जाहिरातीतील आकडे वाचताना तीन गोष्टींवर दृष्टी ठेवावी. पहिली शक्तीची. ‘पी.एम.पी.ओ.’ म्हणून हजारो वॅटचा जो आकडा छापतात तो अर्थशून्य समजावा; ‘आर.एम.एस.’ म्हणून दिलेला आकडाच तेवढा विचारात घ्यावा. दुसरी संवेदनक्षमतेची. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबेल आवाज होतो ते या आकड्यावरून कळते. तो 86 असेल तर दोन मीटरवर बसलेल्या श्रोत्यास दोन स्पीकर मिळून, प्रत्येकी एकाच वॅटवर, सुमारे 83 डेसिबेल मिळतात. हा आवाज नित्याच्या संभाषणाहून पुष्कळच मोठा होय. तबल्याच्या जोरकस थापेस क्षणभर दहा-वीसपट शक्ती लागेल असे धरले तरी वीस-तीस वॅटचा ॲम्प्लिफायर घरास पुरे होतो. हाच आकडा तीन डेसिबेलने उतरला तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते. तिसरी गोष्ट नादमर्यादेची. ‘50 ते 20,000’ एवढेच लिहिले असेल तर त्यास फारशी किंमत नाही. त्या टप्प्यात आवाज किती डेसिबेलने वरखाली होतो तेही दिलेले असले पाहिजे. तीन डेसिबेलच्या आत चढउतार असणे समाधानकारक मानतात.

पैशाची वाटणी कशी करावी? जुन्या हिशेबाने सांगावयाचे तर रुपयातील नऊ आणे स्पीकरांस, पाच आणे ॲम्प्लिफायरास व उरलेले दोन आणे बैठका, तारा आणि सतरंजी-पडदे यांस द्यावे. ॲम्प्लिफायर आता स्वस्तातही बरेच निर्दोष मिळतात. एका स्पीकरचा आवाज दुसऱ्याहून वेगळा असतो तितके ते परस्परांहून वेगळे नसतात. म्हणून पैशाचा मोठा भाग स्पीकरांवर खर्च होणे रास्त आहे. ॲम्प्लिफायर पोटातच असलेल्या पेट्याही मिळतात. त्या घेतल्यास तारांचा खटाटोप वाचतो, मात्र एक भाग बिघडला तर सबंध पेटीच दुरुस्तीस न्यावी लागते. मूल्यवान तारांच्या मोहात कोणी पडू नये. तीन मीटर अंतरास दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची जोडतार पुरते. तिचा अडथळा आठ ओहमच्या स्पीकरच्या मानाने शेकडा एकाहूनही कमी असतो. जुने स्पीकर घेण्यातही कमीपणा नाही. फक्त पडद्याच्या कडेची पट्टी फोमची असेल तर ती कालांतराने कुजते, हे ध्यानात ठेवून ती तपासावी आणि पडदा बोटांनी हलकेच दाबून आत घासल्याचा आवाज येत नाही ना, ते पाहावे.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. जुनी गाणी तर एकपदरी मुद्रणाची. मग दोन स्पीकर कशास हवेत? ही शंका निराधार नाही. ॲलन ब्लूमलीन याने दुपदरी ध्वनीच्या पेटंटासाठी 1931 साली अर्ज केला, परंतु तशा तबकड्या बाजारात रुळल्या त्या 1958 च्या सुमारास. अब्दुल करीम खाँ 1937 साली निवर्तले व सवाई गंधर्व 1952 साली. त्यांच्या मुद्रणांत दुसरा पदर नाहीच. तेव्हा ज्यास केवळ जुने गवई ऐकावयाचे आहेत, त्याने तेवढ्याच पैशात दोन सुमार पेट्या घेण्याऐवजी एक उत्तम पेटी घेतली तर तो शहाणपणाच ठरेल. पण पुढच्या काळातील मुद्रणांत तंबोरे, तबला व संवादिनी यांची स्थाने वेगवेगळी असतात, आणि त्यांच्यामध्ये गायक सुटा ऐकू यावा यासाठी जोडीच हवी.

प्रत्यक्ष परीक्षा घेताना दुकानदाराची गाणी न ऐकता स्वतःच्या नित्य परिचयाची मुद्रणे न्यावीत. प्रथम बोलण्याचा आवाज ऐकावा. मनुष्याची वाणी प्रत्येकाच्या कानास इतकी सवयीची असते की ती नाकात अथवा पिंपात बोलल्यासारखी झाली तर तत्काळ उमगते. मग विलंबित ख्यालाचा आरंभ ऐकावा; गायक गात असतानाही मागे तंबोऱ्याची झळाळी अखंड टिकते की नाही ते पाहावे. त्यानंतर द्रुत तान ऐकावी. दाणा सुटा पडला पाहिजे. शेवटी आवाज अगदी हळू करावा. तरीही रंग न उतरणारा स्पीकर घरास योग्य होय. दोन स्पीकर ताडून पाहताना दोहोंचा आवाज काटेकोर समान ठेवावा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस भासतो. आणि निर्णयाची घाई करू नये. पाच मिनिटांत चमकदार वाटणारा ट्वीटर अर्ध्या तासाने कानास बोचू लागतो.

घरी आणल्यावर मांडणीचे काम उरते, आणि त्यास पैसा जवळजवळ लागत नाही. दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. सहासात फुटांची बाजू पुरे. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस असावा. पेटी कोपऱ्यात दडपू नये; कोपऱ्यात खर्ज सुजतो. मागील भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवून, मग थोडे मागेपुढे करीत कानाने जागा ठरवावी. दोन्ही तारांचे तांबडे टोक तांबड्यास व काळे काळ्यास जोडले आहे ना, हे एकपदरी जुने गाणे लावून पाहता येते. गवई दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये बसल्याचा भास झाला तर जोडणी ठीक. आवाज पातळ होऊन दोहीकडे पांगला तर एका बाजूस तारा उलट झाल्या आहेत. खोलीत टाळी वाजविली असता खणखणीत झंकार राहत असेल तर सतरंजी, जाड पडदे व पुस्तकांचे उघडे कपाट यांनी तो निवतो.

पेटीची उंची, दर्शनी झळाळी आणि वॅटचा आकडा यांवर मोजलेला पैसा गाण्यास मिळत नाही. षड्ज लागल्याबरोबर घरातील माणसांनी हातचे काम क्षणभर थांबवावे, एवढे ज्या साध्या पेटीस साधले तिची किंमत वसूल झाली असे समजावे.