मान द्यावा, मान सांभाळावी

तालमीत नव्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी डाव शिकवत नाही. त्याच्या हाती फावडे येते. पहाटे हौद्यातली लाल माती उकरायची, ढेकळे फोडायची, माती पुन्हा सारखी करायची. मग थोरल्या पैलवानांच्या अंगाला तेल रगडायचे, थंडाईसाठी बदाम घोटायचे, शेवटी झाडलोट करायची. थोरला आला की पाया पडायचे आणि त्याने विचारल्याशिवाय बोलायचे नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे सारे वेठबिगारीसारखे वाटते. ‘पोराला कुस्ती शिकवायला आणलंय की चाकरीला?’ असा प्रश्न त्याच्या ओठांवर येतो.

१९८६ ते १९८९ अशी तीन वर्षे मी बँकेच्या नोकरीनिमित्त कोल्हापुरात होतो. राहायची खोली एका तालमीच्या पिछाडीला होती. पहाटे चारला जोर काढणाऱ्यांचे हुंकार आणि शड्डूचे आवाज यांनीच जाग येई. मी स्वतः कधी लंगोट लावला नाही. जाडजूड लेजर उचलून टेबलावर ठेवणे हाच काय तो माझा व्यायाम. पण झोपमोड झालेला माणूस काय करणार? मी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागलो. मग लक्षात आले की पाहुण्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते अर्ध्या तासाने मिळते.

माती उकरणे हाच मुळी खांद्याचा नि कमरेचा पहिला धडा. तेल रगडता रगडता पोराला सांधा कुठे नि स्नायू कुठे हे बोटांनी कळते, पुस्तकाची गरज पडत नाही. पण खरे उत्तर यापुढचे. चाकरी संपली की तोच थोरला त्या पोराला हौद्यात घेई. शंभर किलोचा गडी आणि पस्तीस किलोचे पोर! थोरला गुडघ्यांवर बसे, म्हणजे पोराचे हात त्याच्या मानेपर्यंत पोचत. पट काढायला पाय पुढे देई. पोराचा हात चुकीच्या जागी पडला तर पर्वतासारखा बसून राही आणि हात बरोबर पडला की चक्क पडे. ‘आसं! आता कळलं का?’ एवढेच म्हणे. पुन्हा उठे, पुन्हा पडे. वीस-वीस वेळा.

त्या तालमीचे वस्ताद मितभाषी होते. एकदा मी त्यांना विचारले, ‘‘एवढ्याशा पोराला असल्या गड्याच्या हाती देता, भीती नाही वाटत?’’ ते म्हणाले, ‘‘सायब, पोराच्या मानंवर त्याचा हात हाय. ती मान त्या पोराची न्हाई, त्याच्या आईची हाय. उसनी आणलीया. संध्याकाळी परत द्याया लागती.’’

मराठीत ‘मान’ हा शब्द दोन अर्थांनी, दोन लिंगांनी नांदतो. तो मान आणि ती मान. तालमीत या दोहोंचा रोकडा व्यवहार चालतो. धाकटा थोरल्याला मान देतो, कारण त्याला आपली मान त्याच्या हाती द्यायची असते. आणि थोरल्याला तो मान मिळतो तो मान सांभाळण्याच्या बोलीवर. आम्हा बँकवाल्यांना हे समजायला जड जाऊ नये. ठेवीदार काउंटरवर अदबीने उभा राहतो, पण ठेव त्याची असते. आपण फक्त विश्वस्त. ज्या दिवशी अधिकाऱ्याला ती अदब आपल्या खुर्चीचा हक्क वाटू लागते, त्या दिवसापासून बँकेच्या घसरणीला सुरुवात होते.

‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ फारसी ‘उस्ताद’वरून. म्हणजे नावातच शाळा आहे आणि गुरुजी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले. १९१२ पासून ते उभे आहे. पण मैदानाने मल्ल गाजतो. घडतो तो तालमीतच, थोरल्यांच्या अंगावर. १९६०चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांनी किताबानंतर मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. एवढा मोठा मल्ल नवशिक्यासाठी पुन्हा मातीत उतरतो, तेव्हा कनिष्ठाला आदराचे व्याख्यान द्यावे लागत नाही. आणि देणे केवळ मल्लांचेच नसते. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बँकेच्या नजरेने ते भलतेच धोक्याचे कर्ज. परतफेड म्हणून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले.

हेच सूत्र समुद्रापलीकडे जपानमध्येही सापडते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी मंदिरात, बारा चटयांच्या जागेत ज्युदोची शाळा काढली. तिथे ज्येष्ठाला ‘सेम्पाई’ म्हणतात, कनिष्ठाला ‘कोहाय’. वाकून नमस्कार दोघेही करतात, आणि एकमेकांना करतात. नवख्याला आधी शिकवतात ते पडायला, फेकायला नंतर. फेकणाऱ्यावर एक जबाबदारी असते: समोरचा हवेतून खाली येत असताना त्याची बाही सोडायची नाही, शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरायची, म्हणजे डोके जमिनीवर आदळत नाही. कानोंनी आपल्या विद्येचे एक सूत्रच केले, की माझे नि तुझे भले बरोबरच व्हावे. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात. त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ. आपण ज्याला शिखर समजतो, ते त्यांच्या हिशेबी पायथ्याचे गाव!

इथवर सारे छान आहे. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू त्याच जपानने जगाला दाखवली. २००७ साली सुमोच्या एका आखाड्यात नवा दाखल झालेला सतरा वर्षांचा मुलगा ‘सरावा’च्या नावाखाली झालेल्या मारहाणीत मेला. मारणारे त्याचे थोरले गुरुबंधू, आणि हुकूम खुद्द प्रमुखाचा. प्रमुखाला पुढे तुरुंगवास झाला. २०१३च्या आरंभी जपानच्या राष्ट्रीय संघाच्या पंधरा महिला ज्युदोपटूंची तक्रार उघड झाली. प्रशिक्षक सरावात थपडा मारी, बांबूच्या तलवारीने झोडपी. त्याला पायउतार व्हावे लागले. सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट शाळांमधली. १९८३ ते २०११ या काळात जपानी शाळांत ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांत पहिल्या वर्षाच्या, नुकत्याच आलेल्या मुलांची संख्या मोठी होती. बहुतेकांच्या डोक्याला मार लागला होता. याउलट फ्रान्समध्ये नोंदणीकृत ज्युदोपटू जपानहून जास्त. तिथे १९५५ पासून ज्युदो शिकवायला सरकारी पदविका लागते, आणि मुलांच्या मृत्यूंची अशी मालिका तिथे घडलेली नाही. डाव तेच, चटई तीच. फरक पडला तो बाही धरणाऱ्याच्या तयारीत आणि मनात.

हे दूरचे म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. काही वर्षांपूर्वी माझी अकरा वर्षांची नात आमच्या भागातल्या एका कराटे वर्गाला जात होती. एके दिवशी तिच्या बरगडीवर काळानिळा वळ दिसला. विचारले तर म्हणाली, ‘‘आजोबा, सीनिअर दादांनी मारलं. नवीन मुलांचं टेस्टिंग असतं.’’

‘‘सरांना सांगितलंस?’’

‘‘सीनिअरबद्दल बोलायचं नसतं. ते डिसरिस्पेक्ट होतं.’’

त्या वळापेक्षा हे वाक्य मला अधिक झोंबले. चार महिन्यांत पोरीला नीट बुक्की मारता येत नव्हती, पण गप्प बसायला मात्र ती पक्के शिकली होती. मुलाने तिचे नाव तिथून काढले. आता ती दुसऱ्या ठिकाणी ज्युदोला जाते. तिथे तिच्याहून बरीच मोठी, कॉलेजात जाणारी एक ताई तिला फेकते नि शेवटपर्यंत बाही धरून ठेवते. नात त्या ताईचे एवढे ऐकते की आम्हाला घरी हेवा वाटतो.

न्यायाने बोलायचे तर सगळा दोष थोरल्यांच्या पदरात टाकता येणार नाही. नवशिक्याचेही काही देणे लागते. आज वर्गाची फी भरणारा पालक पहिल्याच दिवशी विचारतो, ‘ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत?’ मोबाइलवर दोन चित्रफिती पाहिलेला तरुण थोरल्यालाच पकड समजावून देऊ लागतो. जिममध्ये दंड फुगवून आलेला नवखा ताकदीच्या जोरावर हात पिरगाळतो. आपण किती जोर लावतो याचा अंदाज त्याला स्वतःलाच नसतो. कोणताही जुना खेळाडू सांगेल की नवखा फार धोकादायक असतो. थोरल्याची बोटे, गुडघे दुखावतात ते पुष्कळदा नवख्याच्या धसमुसळेपणामुळे. आपला थोरला रोज स्वतःचे अंग शिकण्यासाठी आपल्याला देतो आहे, हे ज्याला समजले त्याला पाया पडायला सांगावे लागत नाही. ‘थांब’ म्हटल्याबरोबर थांबणे, हा नवख्याने द्यायचा पहिला मान.

ज्युदोतली एक रीत मला सर्वांत शहाणी वाटते. मानेला विळखा पडला, हात पिरगाळला गेला आणि सोसेनासे झाले, की चटईवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची. थाप वाजली की पकड सुटलीच पाहिजे. पहिल्या दिवशी आलेल्या पोराने थाप मारली तरी तीस वर्षे मुरलेल्या गुरूला हात काढावा लागतो. ‘मी ज्येष्ठ आहे, आणखी जरा दाबतो’ असे म्हणायची सोय नाही. इतर सर्व बाबतीत उतरंड, पण या एका बाबतीत संपूर्ण समता! जी व्यवस्था सर्वांत कनिष्ठाला हा अधिकार देते, तिथे बाकीचे वाकणे नि पाया पडणे कोणाला जाचत नाही. जिथे थाप ऐकली जात नाही, तिथे आदर उरत नाही. उरते ती धास्ती. धास्ती आणि आदर दुरून सारखेच दिसतात. दोन्हींत मान खाली असते.

तेव्हा मुलांना कुठे घालावे असे कोणी विचारले तर मी भिंतीवरच्या ढाली नि प्रमाणपत्रे पाहू नका असे सांगतो. गुरूही पाहू नका. पाहुण्यांसमोर सगळेच गुरू सौजन्याने वागतात. तास अर्धा सरला, गुरूची पाठ वळली की त्या वर्गातला दुसऱ्या क्रमांकाचा जुना विद्यार्थी सर्वांत नव्या मुलाशी कसा वागतो ते बघा. तो त्याच्यासाठी गुडघ्यावर बसतो का? एखाद्या वेळी पडतो का? थाप ऐकतो का? त्या अडाणी पोराला त्याक्षणी सोडवणारे कोणी नसते. अशा वेळी जो त्याची मान जपतो, मान त्यालाच शोभतो.